सलूनमधला एकच प्याला

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१७ पासून एक छोटासा कायदा लागू आहे. छोटासा म्हणजे खरोखरच छोटा. आधीच्या एका कलमाला जोडलेला एखादा परिच्छेद. केशकर्तनालय किंवा ब्यूटी सलून चालवणाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकाला बिअर किंवा वाईन फुकट द्यायची असेल, तर मद्याचा परवाना काढण्याची गरज नाही, असे तो सांगतो. अटी मोजक्याच आहेत. बिअर असेल तर १२ औंस, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ३५५ मिलिलिटर. वाईन असेल तर ६ औंस, म्हणजे १७७ मिलिलिटर. द्यायची ती दुकान उघडे असतानाच, आणि रात्री दहानंतर कधीच नाही. सलूनचा स्वतःचा व्यवसाय-परवाना चोख असला पाहिजे. आणि मुख्य अट, त्या पेयाचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. व्हिस्की, व्होडका वगैरे कडक मंडळींना इथे प्रवेश नाही.

गंमत अशी, की ज्या कलमाला हा परिच्छेद जोडला त्यात आधीपासून दोनच धंदे होते. एक, लिमोझिन नावाच्या लांबलचक आलिशान मोटारी भाड्याने देणाऱ्यांचा आणि दुसरा, गरम हवेच्या फुग्यातून सैर घडवणाऱ्यांचा. दोन्ही चैनीचे, प्रसंगोपात्त करायचे प्रकार. मोटार दुसराच कोणी चालवत असतो, आणि फुगा तर कोणी मद्यपी पळवून नेण्याची शक्यता कमीच. त्यांच्या पंगतीला तिसरा येऊन बसला तो कोपऱ्याकोपऱ्यावरचा न्हावी. हे विधेयक मंजूर झाले तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सलून-केशकर्तनालयांची संख्या तिथली वर्तमानपत्रे ४१ हजारांहून अधिक देत होती. फुग्यांची संख्या कोणी मोजली नसेल, पण ती याच्या जवळपासही जाणार नाही हे उघड आहे.

आता असा कायदा करावासा का वाटला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. देशाच्या घटनेत अठरावी दुरुस्ती करून ती आणली होती, आणि एकविसावी दुरुस्ती करून ती उठवली. उठवताना मद्याचे नियमन बव्हंशी राज्यांच्या हाती दिले गेले. म्हणून आजही तिथे राज्य बदलले की दारूचा कायदा बदलतो. यूटामध्ये कडक मद्य सरकारी दुकानांतूनच घ्यावे लागते, तर कॅलिफोर्नियात ते किराणा दुकानातही मिळते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या अठराव्या दुरुस्तीने बंदी घातली होती ती मद्य बनवण्यावर, वाहून नेण्यावर आणि विकण्यावर. पिण्यावर नाही. अमेरिकी कायद्याची नजर तेव्हापासून विकणाऱ्यावर आहे. विकायचे तर परवाना हवा, हा पाया. मग विकायचेच नाही, नुसते द्यायचे असेल तर?

सलूनवाल्यांनी हीच फट बरोबर पकडली होती. केस धुऊन वाळवून द्यायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या हाती शँपेनचा ग्लास द्यायचा, ही पद्धत लॉस एंजलिसच्या बाजूला चांगलीच रुळली होती. धंद्याचा भाग म्हणून दिलेला ग्लास फुकट असला तरी परवान्याशिवाय देता येत नाही, असे कायदा सांगत होता. पण देणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊकच नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी काणाडोळा केला होता. तेव्हा अनाहाइमचे लोकप्रतिनिधी टॉम डेली यांनी विधेयक मांडले. क्रमांक १३२२. फक्त केस वाळवून देणाऱ्या ड्रायबार नावाच्या दुकानसाखळीवरून लोकांनी त्याला ड्रायबार विधेयक असे टोपणनाव दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची सही झाली. समर्थकांचे म्हणणे साधे होते. हे चाललेलेच आहे, छोट्या धंदेवाल्यांना गुन्हेगार कशाला ठरवायचे?

हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. मी चाळीस वर्षे वकिली केली, त्यातली बरीचशी परवान्यांच्या कज्ज्यांत गेली. कागदावर गुन्हा आणि व्यवहारात रीत अशी स्थिती फार दिवस राहिली की त्यातून हप्ते जन्माला येतात, हे मी जवळून पाहिले आहे. लोक करतातच तर ते मोजून-मापून कायद्यात बसवावे, यात शहाणपण आहे. प्रश्न आहे तो कसे बसवले याचा. परवान्याची अट सोपी करता आली असती. नाममात्र शुल्काचा, एका पानाच्या अर्जाचा छोटा परवाना काढता आला असता. ते न करता परवानाच काढून टाकला.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे सनीव्हेलला गेले होते, तेव्हा सूनबाई मला केस कापायला घेऊन गेली. खुर्चीत बसल्याबरोबर काऊंटरवरच्या मुलीने विचारले, वाईन घेणार, बिअर घेणार की पाणी? मी म्हटले, चहा असेल तर बरे. चहा नव्हता. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या टपरीवरून कटिंग येतो, इथे फ्रीजमधून बाटली येते, एवढाच फरक म्हणून मी तेव्हा सोडून दिले. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पांढरी वाईन घेतली. गप्पांत कळले की त्या दुपारी जेवल्याच नव्हत्या, कामावरून थेट आल्या होत्या, आणि पुढे मुलीला पोहण्याच्या वर्गातून आणायला जायच्या होत्या. गाडीने, अर्थातच. कॅलिफोर्नियात गाडीशिवाय कुठे जाता येते?

त्या बाईंच्या ग्लासाचा मी नंतर कागदावर हिशेब मांडला. अमेरिकेत आरोग्यखाते ज्याला एक प्रमाणित पेय म्हणते, ते वाईनच्या बाबतीत ५ औंसांचे आहे. त्यात साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. कायद्याने सलूनला मुभा दिली ती ६ औंसांची, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. एका प्याल्याच्या नावाखाली सव्वा प्याला. ५५ किलो वजनाच्या बाईने हे रिकाम्या पोटी घेतले, तर पाऊण तासाने रक्तातले प्रमाण ठोकळमानाने ०.०४ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास येते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी, म्हणून तोच ग्लास बाईला जास्त लागतो. कॅलिफोर्नियात गाडी चालवण्यासाठी मर्यादा ०.०८ आहे, तेव्हा बाई मर्यादेच्या आत. यूटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून मर्यादा ०.०५ आहे, तिथे त्या उंबरठ्यावर. आणि त्याच बाई पुण्यात कर्वे रोडवर गाडी चालवत असत्या तर? आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केस नीट झाले असते, पण रात्र पोलीस चौकीत गेली असती.

हे सांगण्याचा हेतू कोणाच्या पिण्यावर बोट ठेवण्याचा नाही. पिणाऱ्या सुजाण बाईने काय प्यावे हे तिने ठरवावे. आता, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मद्य आणि कॅन्सर यांच्या संबंधावर जाहीर सल्ला प्रसिद्ध केला आणि त्यात स्तनांच्या कॅन्सरचाही स्पष्ट उल्लेख केला. मद्याच्या बाटल्यांवर तसा इशारा छापावा असे त्यांनी सुचवले. ज्या धंद्याचे बहुतांश गिऱ्हाईक स्त्रिया आहेत, तिथेच पाहुणचाराच्या नावाने मद्य रुजवावे यातला विरोधाभास मला खटकतो. पण तोही बाजूला ठेवू. माझा मुद्दा ग्लास ओतणाऱ्या हाताचा आहे.

कॅलिफोर्नियातल्या नखांच्या सलूनमध्ये गेलात तर काम करणाऱ्या बहुतेक जणी व्हिएतनामी दिसतील. त्याला इतिहास आहे. १९७५ साली सायगाव पडल्यावर जे निर्वासित आले, त्यांच्यासाठी उत्तर कॅलिफोर्नियात वीमार येथे होप व्हिलेज नावाची छावणी होती. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिपी हेड्रन तिथे मदतीला जात असे. तिची नखे पाहून त्या बायकांना कुतूहल वाटले, तेव्हा तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईला तिथे नेले आणि वीसेक जणींना ते काम शिकवले. त्यातून पुढे घराघरांत, नात्यागोत्यांत हा धंदा पसरला. कष्टाने उभा राहिलेला, तुटपुंज्या नफ्याचा, आणि कामावरच्या मुलींच्या दृष्टीने मोठ्या प्रमाणात टिपवर चालणारा धंदा.

आता या मुलीच्या हातात बाटली दिली की तिच्यावर काय काय येऊन पडते बघा. समोरची मुलगी २१ वर्षांची आहे की नाही हे तिने ओळखायचे. कारण २१ वर्षांखालच्या कोणालाही मद्य देणे हा कॅलिफोर्नियात गुन्हाच आहे. विकले काय, फुकट दिले काय. गिऱ्हाईक आधीच कुठून झिंगून आले असेल तर त्याला नाही म्हणायचे. उघड नशेत असलेल्याला मद्य देणे हाही गुन्हा. आणि कोणी दुसरा ग्लास मागितला तर हसतमुखाने नकार द्यायचा, कारण कायद्याने एकच प्याला ठरवून दिला आहे. नकार द्यायचा तो अशा गिऱ्हाइकाला, ज्याच्या टिपवर तिच्या घराचे भाडे अवलंबून आहे. सनीव्हेलच्या त्या दुकानात माझे केस कापणाऱ्या बाईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, पहिला ग्लास आम्ही देतो, दुसरा ते स्वतःच मागतात, आणि मालक समोर असला तर नाही कोण म्हणणार?

बारमध्ये काम करणाऱ्या पोराला निदान हे शिकवलेले असते. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्येच आणखी एक कायदा केला. परवानाधारक बार-हॉटेलात मद्य वाढणाऱ्या प्रत्येकाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली पाहिजे. २०२२ पासून ते सक्तीचे झाले. वय कसे तपासावे, नशा कशी ओळखावी, नकार कसा द्यावा, हे सारे त्यात असते. पण हा कायदा परवानाधारकांपुरता. सलूनला परवानाच लागत नाही, त्यामुळे सलूनमधल्या मुलीला हे प्रशिक्षणही सक्तीचे नाही. म्हणजे एकाच राज्यात एकाच सुमारास सरकारने एका हाताने वाढप्यांना शाळेत पाठवले आणि दुसऱ्या हाताने हजारो नवे वाढपी शाळेबाहेर उभे केले. विधेयकाला विरोध करणाऱ्या संस्थांनी देखरेख आणि प्रशिक्षण हेच मुद्दे मांडले होते. ते ऐकले गेले नाहीत.

परवाना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल फीत, शिक्के आणि टेबलाखालचे व्यवहार येतात. तसे येणे चूक नाही. पण परवाना ही एक मूठही असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरता येईल अशी. कॅलिफोर्नियात बार काढायचा तर जागेवर ३० दिवस नोटीस लावावी लागते आणि आसपासच्या रहिवाशांना हरकत घेता येते. आपल्याकडे याहून जोरदार हत्यार आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी बाटली. ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी अशी दुकाने बंद केली, आणि ते जमले कारण बंद करायला तिथे एक परवाना होता. ज्याच्याकडे परवानाच नाही त्याच्या बाबतीत काय आडवे करणार?

सलूनच्या बाबतीत कॅलिफोर्नियात एक धागा शिल्लक आहे. व्यवसाय-परवाना देणारे केशकर्तन आणि सौंदर्यप्रसाधन मंडळ. पण त्याचे निरीक्षक कंगवे जंतुनाशकात बुडवले की नाही, अवजारे स्वच्छ आहेत की नाही, हे बघणारे. ग्लासातल्या औंसांचा हिशेब हा त्यांचा अभ्यास नव्हे. स्थानिक नगरपालिकांना वाटल्यास निर्बंध घालण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

राहिला 'फुकट' हा शब्द. पेय घेतले काय, न घेतले काय, केस कापण्याचा दर तोच असेल तर पेय फुकट समजावे, अशी कायद्याची व्याख्या आहे. वकिली नजरेने ती नेटकी आहे. पण दुकानदार काही घरची वाईन वाटत नाही. महिन्याच्या बाटल्यांचा खर्च तो दरात मिसळतोच. दर सगळ्यांना सारखा, म्हणजे न पिणारी बाई पिणारीच्या ग्लासाचे पैसे भरते. माझ्या पाण्याच्या ग्लासाची किंमत मी त्या दिवशी वाईनच्या भावाने मोजली असणार.

आपल्याकडे हे येईल का, असे मला नुकतेच एका मैत्रिणीने विचारले. तिचे डेक्कनवर पार्लर आहे. नवरी आणि तिच्या सात-आठ मैत्रिणी लग्नाआधी एकत्र मेकअपची चाचणी करायला येतात, त्यांना वाईन दिली तर चालेल का, पैसे न घेता? कोणीतरी परदेशातली रीत तिच्या डोक्यात भरवली होती. तिला जे सांगितले तेच इथे सांगते.

आपल्या राज्यातला कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा म्हणून जन्मलेला. तो मुळात दारूबंदीचा आहे, आणि आजही त्याचा सांगाडा तोच आहे. बंदी हा नियम, परवाना हा अपवाद. अमेरिकेत नजर विकणाऱ्यावर, तशी इथे ती विकणाऱ्यावर आहेच, शिवाय बाळगणाऱ्यावर आणि पिणाऱ्यावरही आहे. म्हणूनच पिणाऱ्याच्या खिशात परवाना असावा लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. सौम्य मद्याला वय २१, कडक मद्याला २५. रस्तोरस्ती दिसणारी परमिट रूम ही पाटी त्यातूनच आली. आत बसलेल्यांपैकी किती जणांनी ते परमिट पाहिलेले असते हा प्रश्न विचारू नये. थोडक्यात, 'मी विकत नाही, नुसते देते' हा बचाव इथे लंगडा पडतो. शिवाय या कायद्यात कॉमन ड्रिंकिंग हाऊस नावाची एक कल्पना आहे. जागेच्या मालकाच्या नफ्यासाठी किंवा फायद्यासाठी जिथे मद्यपान करू दिले जाते ती जागा, मग तो फायदा पेयाच्या पैशातून होवो, जागेच्या भाड्यातून होवो की आणखी कुठल्या रीतीने. गिऱ्हाईक खूश होऊन पुन्हा यावे म्हणून दिलेला ग्लास 'आणखी कुठल्या रीतीने' यात बसतो, असे मी तरी न्यायाधीशांपुढे सहज मांडू शकेन. असा अड्डा चालवणे हा ६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

कायदा बदलण्याची हवा आपल्याकडेही अधूनमधून वाहते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. द्राक्ष बागायतदारांचे भले होईल, हे कारण दिले होते. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय काही अंमलात आला नाही. त्या प्रस्तावाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलता येईल. पण त्यातही परवाना होता, जागेचे माप होते, शाळा आणि देवळांपासून अंतर होते, आणि दारूबंदी असलेले जिल्हे वगळलेले होते. म्हणजे भांडायला काहीतरी हाताशी होते.

मैत्रिणीने हे सारे ऐकून घेतले आणि वाईनचा बेत सोडला. नवरीच्या गटासाठी ती आता कोकम सरबत आणि काकडीची सँडविचेस ठेवते. त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले असतात, आणि तसे ती दरपत्रकावर स्वच्छ अक्षरांत छापते.